जुनी विंटेज पोर्ट घरी उघडताना: खान्देशातल्या उन्हाळ्यात बाटली कशी सांभाळायची, गाळायची आणि पारखायची

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता बाहेर आहेत आणि सुट्टीला येताना कोणीतरी एखादी जुनी पोर्ट वाईन घेऊन येतंच. महागडी असते म्हणून ती हॉलच्या शोकेसमध्ये उभी राहते, वरून लाईट, खाली टीव्ही, मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री, आणि पाच-सहा वर्षांनी कोणाच्या तरी रिटायरमेंटला उघडली की पहिल्या घोटातच लोक म्हणतात, "भो, ही तर खराब निघाली." ती आली तेव्हा बहुतेक चांगलीच होती, आपल्या घरातल्या उकाड्याने शिजली.

मी बाहेर राहून टेस्टिंग शिकून आलो, इकडे परत आल्यावर ह्या बाटल्या उघडत आलोय, आणि ओळखीतल्यांचे फोन येतात तेव्हा दरवेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून सगळं एका जागी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो: वास ओळखणं, भारी भारी शब्द वापरणं हे सगळं नंतर आपोआप येतं, पण बाटली गार आणि शांत ठेवता आली नाही तर पारखायला काही उरतच नाही. म्हणून ह्या लेखातला अर्धा भाग वाईन ग्लासात पडायच्या आधीचा आहे, तो गाळून पुढे जाऊ नका.

काय काय लागेल

कागदं: दारूचं परमिट, खरेदीचं बिल, विमानाने आणली असेल तर ड्यूटी फ्रीची पावती.

सामान: दोन पातींचा कॉर्क काढायचा चिमटा आणि एक साधा चांगला स्क्रू (दोन्ही ऑनलाईन मिळतात), काचेचा जग किंवा डिकँटर, काचेचं किंवा स्टीलचं नरसाळं, नवीन मलमलचा तुकडा, मोबाईलची टॉर्च, वर निमुळते होत जाणारे वाईनचे ग्लास, पांढरा कागद, वही-पेन, साधं पाणी आणि थुंकायला एक तांब्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर फारच छान.

१. आधी बाटली नक्की कोणती आहे ते वाचा

इथेच निम्मा गोंधळ होतो. पोर्ट म्हणजे पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली वाईन. हा भाग १७५६ सालीच हद्द आखून ठरवून दिलाय. द्राक्षांचा रस आंबत असताना मधेच त्यात ७७ टक्के ताकदीची द्राक्षाचीच दारू ओततात, त्याने आंबणं थांबतं, फळाची बरीचशी साखर तशीच राहते आणि ताकद २० टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्याच्या दुकानात पोर्ट वाईन म्हणून जी स्वस्त गोड लाल वाईन मिळते तिचा ह्याच्याशी संबंध नाही, ती ठेवून ठेवून चांगली होत नाही.

आता खऱ्या पोर्टमध्येही प्रकार आहेत. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली, लेबलवर १०, २०, ३०, ४० वर्षं असं लिहिलेलं असतं, ती बाटलीत भरली की तयार, घरी ठेवून फायदा नाही. एकाच सालाची टॉनी असेल तर कोल्हेता लिहिलेलं असतं, ती किमान सात वर्षं पिंपात असते. लेट बॉटल्ड विंटेज चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरतात. आणि आपला विषय आहे तो नुसतं विंटेज पोर्ट लिहिलेल्या बाटलीचा: एकाच सालची द्राक्षं, दोन-तीन वर्षांत न गाळता बाटलीत भरलेली, आणि पुढचं सगळं मुरणं बाटलीतच, वीस, तीस, पन्नास वर्षं. असं साल कंपन्या दरवर्षी जाहीर करत नाहीत, दहा वर्षांत साधारण तीनदा. १९६३, १९७०, १९७७, १९८५, १९९४, २०००, २०११ ही नावाजलेली सालं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन सालं बहुतेकांनी जाहीर केली तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती, कारण असं क्वचित होतं.

लेबलवर क्विंटा आणि पुढे एखाद्या मळ्याचं नाव असेल तर ती बऱ्याचदा जाहीर न केलेल्या सालातली, एकाच मळ्याची विंटेज असते, ती जरा लवकर तयार होते आणि स्वस्त पडते, सुरुवातीला शिकायला मी हीच घ्या म्हणतो.

"रिझर्व्ह" वाचून विंटेज समजू नका. आणि गळ्यावर पोर्तुगालच्या सरकारी पोर्ट संस्थेची नंबर असलेली कागदी पट्टी आहे का बघा, खऱ्या पोर्टवर ती असते.

२. कागदपत्रं आणि रस्ता

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परमिट लागतं, एक दिवसाचं, वर्षाचं किंवा कायमचं, राज्याच्या एक्साइज खात्याकडून मिळतं. कायमचं काढून टाका, कटकट नको. परदेशातून येताना एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात, त्यापुढे कस्टमला सांगून पैसे भरा.

आणि हा आपल्याकडचा खास सापळा: नंदुरबार, शहादा, नवापूरकडच्या लोकांना सुरतचं विमानतळ जवळ पडतं आणि तिथून ताप्ती लाईनची गाडी पकडली की घर. पण गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेत बाटली घेऊन तो रस्ता धरू नका, बिल दाखवून सुटू ह्या भरवशावर तर अजिबात राहू नका. मुंबईत उतरा आणि नाशिक-धुळे रोडने किंवा मनमाडवरून रेल्वेने या. रेल्वेत दारू नेण्याचे नियम मात्र आधी नीट तपासा, मी स्वतः गाडीनेच आणतो.

गाडीने आणताना डिकीत ठेवायची नाही. एप्रिलमध्ये चांदवडच्या पुढे आलात की डिकीतली हवा कुठल्या कुठे जाते. थर्माकोलचा डबा घ्या, टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली, बाजूला दोन बर्फाच्या जेल पिशव्या, आणि सीटच्या खाली एसीच्या हवेत. शक्य असेल तर रात्रीचा प्रवास करा.

३. घरी आल्यावर कुठे ठेवायची

पुस्तकी उत्तर आहे १२ ते १४ डिग्री, अंधार, थोडी दमट हवा, बाटली आडवी. बाटलीच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा मारलेला दिसला तर तो कायम वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे गाळ रोज त्याच ठिकाणी बसतो. प्रत्येक बाटलीवर हा नसतो, नसेल तर लेबल वर ठेवा.

आपल्याकडे हे जमवायचं कसं? जुन्या धाब्याच्या घरात, जाड मातीच्या भिंतीतल्या आतल्या खोलीत उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार वाटतं, पण ते माणसाला गार, वाईनला नाही. तिथेही मे महिन्यात पारा तिशीत जातो आणि महिनाभर तसाच राहतो. कूलरसमोर ठेवली तरी तेच. म्हणून स्पष्ट सांगतो, दोन-चार महिन्यांत उघडणार असाल तर साध्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये, कागदात गुंडाळून ठेवा. फ्रिज जास्त थंड आहे, हवा कोरडी आहे, वर्षानुवर्षं ठेवली तर कॉर्क सुकतो, हे सगळं खरं, पण जळगावच्या बेडरूममधल्या कपाटापेक्षा शंभरपट बरं. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर वाईनचा छोटा फ्रिज घ्या आणि तो इन्व्हर्टरवर टाका, लोडशेडिंगमध्ये गरम-थंड-गरम होत राहणं हे सरळ उकाड्यापेक्षाही वाईट, कारण त्याने वाईन फुगते-आकसते आणि कॉर्क ढिला होतो. दोन्ही जमत नसेल तर पंचवीस वर्षांची तयार बाटली घ्या आणि त्याच थंडीत उघडा. त्यात काही कमीपणा नाही.

४. उघडायच्या आधी तब्येत तपासा

बाटली उजेडात धरा. वाईन गळ्यापर्यंत असेल तर उत्तम, गळ्याच्या खाली किंचित उतरलेली असेल तर तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीला चालतं, खांद्याच्या मधोमध किंवा त्याखाली गेली असेल तर हवा आत शिरलेली असण्याची शक्यता जास्त. वरचं आवरण बोटाने फिरवून बघा, खाली चिकट लागतंय का, गळ्यावरून सुकलेले ओघळ आहेत का, कॉर्क वर आलाय का. ही सगळी उष्णतेची लक्षणं.

तळाशी किंवा कडेला काळपट थर दिसेल. घाबरू नका, ओतूनही देऊ नका. न गाळता भरल्यामुळे रंग आणि तुरटपणा देणारे कण वर्षांनुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, म्हणूनच जुनी विंटेज रंगाला फिकी आणि तोंडात मऊ होते. वीस वर्षांच्या विंटेज पोर्टमध्ये गाळ नसेल तर मला उलट शंका येते.

५. दिवस आणि वेळ ठरवा

डिसेंबर-जानेवारी. आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, घरातली हवाच वाईनच्या कामाची असते, ह्यापेक्षा चांगला मोसम नाही. वेळ सकाळी अकराची, नाश्ता हलका, तोंड ताजं. खरं पारखायचं असेल तर जेवणानंतर नको, आणि ज्या दिवशी घरी ठेचा किंवा भरीत-कळण्याची भाकरी आहे त्या दिवशी तर नकोच, मिरचीने जीभ बधिर झाली की तुरटपणा आणि दारूचा तिखटपणा दोन्ही दुप्पट लागतात.

घरातले वास ही फार मोठी अडचण आहे आणि कोणी लक्ष देत नाही. काळ्या मसाल्याची फोडणी, उदबत्ती, केसाचं तेल, रूम फ्रेशनर, सगळं बंद. ग्लास शोकेसमधून काढले असतील तर आधी रिकामे ग्लास हुंगून बघा, आपल्याकडे अर्ध्या घरांत त्यांना डांबर गोळीचा वास असतो. गरम पाण्याने, साबण न लावता धुवा आणि उघड्यावर निथळू द्या.

बाटली किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस आधी उभी करून ठेवा. गाळ कडेवरून सुटून तळाशी यायला तेवढा वेळ लागतो. ह्या दोन दिवसांत तिला हलवायचं नाही, पाहुण्यांना दाखवायला उचलायची नाही.

६. कॉर्क

जुन्या पोर्टचा कॉर्क लांब असतो आणि आतून ओला, भुसभुशीत झालेला असतो. साधा स्क्रू घातला की मधोमध तुटतो. दोन पातींचा चिमटा असेल तर लांब पात आधी कॉर्क आणि काचेच्या मधे, मग छोटी, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने डोलवत खाली न्या, आणि मग गोल फिरवत वर ओढा. जोर लावायचा नाही, फिरवणं काम करतं. हे करताना बाटली टेबलावरच उभी हवी, मांडीत धरू नका, गाळ ढवळला जातो.

तुटला तर तुटू द्या. राहिलेला तुकडा आत ढकला, पुढे मलमल आहेच. पोर्तुगालमध्ये लोखंडी चिमटा लाल करून गळ्याला लावतात, मग ओलं फडकं, आणि गळाच कॉर्कसकट कापून काढतात. बघायला फार सुंदर, घरी करायचं नाही.

कॉर्क निघाला की लगेच हुंगू नका. त्यातून फार काही कळत नाही. ओल्या फडक्याने बाटलीचं तोंड आतून-बाहेरून पुसून घ्या, तिथे बुरशी असते.

७. गाळणं

हे सगळ्यात आवडीचं काम आणि इथे घाई करायची नाही. मलमल नवीन घ्या, साध्या पाण्यात उकळून वाळवलेला. श्रीखंडाचा चक्का बांधायचं कापड घरात असतं आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच येतं, पण त्याला कितीही धुतलं तरी आंबूस वास राहतो, ते नको.

जग टेबलावर, त्यावर नरसाळं, त्यात मलमल. खोलीतला लाईट कमी करा आणि मोबाईलची टॉर्च चालू करून बाटलीचा गळा जिथे येणार त्याच्या खाली उताणी ठेवा. पूर्वी ह्यासाठी मेणबत्ती वापरायचे. आता बाटली उचला, एकाच हाताने, आणि हळूहळू वाकवा, धार बारीक आणि अखंड. एकदा सुरू केलं की मधे उभी करायची नाही, कारण उभी केली की आतली वाईन मागे जाऊन गाळावर आपटते आणि सगळं गढूळ. सुरुवातीला गळ्यातून टॉर्चचा उजेड स्वच्छ लाल दिसतो. तीन चतुर्थांश होईपर्यंत तसाच. मग खांद्याजवळ एक धुरासारखी बारीक रेघ येते, ती गळ्याकडे सरकते, तिच्यामागे काळे कण. रेघ गळ्यात शिरली की थांबायचं, त्याच क्षणी. मागे अर्ध्या वाटीपेक्षा कमीच राहतं, त्यासाठी जीव तोडू नका. ते वेगळ्या ग्लासात काढून ठेवा, दोन तासांनी वरचं निवळलेलं चाखता येतं.

किती आधी गाळायची? पंधरा-वीस वर्षांची असेल तर चार-पाच तास, पंचवीस ते पस्तीस वर्षांची असेल तर दोन तास, चाळिशीच्या पुढची असेल तर अर्धा-एक तास पुरे, तिचा वास नाजूक असतो, उडून जातो. जुनी आहे म्हणून तिला जास्त हवा लागते असं बरेच जण समजतात, ते उलटं आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ओतू नका. काचच.

८. तापमान

१६ ते १८ डिग्री. वीसच्या वर गेली की दारूचाच भपका नाकात जातो आणि मागचं काही कळत नाही. थंडीत काही करावं लागत नाही. उन्हाळ्यात उघडावीच लागली तर जग एका पातेल्यात ठेवा आणि भोवती माठाचं पाणी व थोडा बर्फ घाला, दर दहा मिनिटांनी थर्मामीटर. ग्लासात बर्फ टाकायचा नाही, कोणी कितीही म्हणू दे.

ग्लासात ५० मिलीच ओता. एका बाटलीत असे पंधरा ग्लास होतात, सगळ्या मंडळींना पुरतं. पोर्टसाठी अल्वारो सिझा ह्या पोर्तुगीज आर्किटेक्टने खास ग्लास डिझाईन केलाय, तो मिळाला तर छान, नाहीतर साधा वाईनचा ग्लास चालतो. लिक्योरचे ते इवलेसे ग्लास नकोत, त्यात नाक जात नाही.

९. डोळ्यांनी

पांढरा कागद टेबलावर ठेवा, ग्लास त्यावर ४५ अंशात वाकवा आणि मधला रंग व काठाचा रंग वेगवेगळा बघा. कोवळी विंटेज जवळजवळ शाईसारखी जांभळी, आरपार काही दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षांत मध्य माणकासारखा लाल होतो आणि काठाला विटेची छटा येते. चाळिशीनंतर मध्यही फिका, काठ तांबूस-नारिंगी आणि रुंद. काठ जितका रुंद तितकं वय जास्त, ढोबळमानाने. पूर्ण तपकिरी, निस्तेज, चहाच्या चोथ्यासारखी दिसली आणि साल १९९४ किंवा २००० असेल तर ती वेळेआधी म्हातारी झालीय, म्हणजे हवा किंवा उष्णता.

ग्लासच्या आत वाईनचे ओघळ उतरताना दिसतात, त्याचं लोक फार कौतुक करतात. ते दारू आणि साखरेमुळे येतात, दर्जाशी संबंध नाही, बघा आणि पुढे जा.

१०. नाकाने

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. नाक काठापाशी आणा, छोटे छोटे श्वास, एकदम खोल ओढू नका, २० टक्के दारू आहे, नाक बधिर होतं. मग एक-दोनदा हळू फिरवा आणि परत.

आधी दोष शोधा. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद पडलेल्या खोलीतल्या गादीचा वास आला तर कॉर्कचा दोष, त्यावर उपाय नाही. नेल पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा थोडासा वास जुन्या पोर्टमध्ये असू शकतो, पण बाकीचं सगळं झाकत असेल तर दोष. फळ पूर्ण गायब आणि नुसता जळक्या गुळाचा, उकळलेल्या मनुकांचा सपाट वास म्हणजे शिजलेली बाटली, आपल्याकडे हाच दोष सगळ्यात जास्त भेटतो. पण पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊ नका, बंद बाटलीचा कोंदट वास हवेत निघून जातो. अर्ध्या तासाने वाढतच गेला तर तो कॉर्कचा.

दोष नसेल तर मग वास ओळखा, आणि ते आपल्याच शब्दांत ओळखा. बाहेरच्या यादीत ब्लॅकबेरी, सिडार असं असतं, जे आपण कधी हातात घेतलेलं नाही ते उगाच कशाला लिहायचं? कोवळ्या विंटेजमध्ये जांभूळ, करवंद, काळी मिरी. मुरलेलीत सुकं अंजीर, खारीक, काळ्या मनुका, चॉकलेट, तंबाखू, चामडं, कोरा चहा. मला तीस वर्षांच्या आसपासच्या बाटल्यांत दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास बऱ्याचदा मिळतो, आणि सातपुड्याकडच्या लोकांना वाळलेल्या मोहाच्या फुलांची लगेच आठवण येते, तो शब्द वहीत लिहा, अगदी बरोबर आहे. ग्लासचा वास घेण्याआधी मसाल्याच्या डब्यातल्या चार वाट्या आणि खारीक-अंजीर-मनुका वेगळ्या खोलीत हुंगून यायचा सराव केला तर महिन्याभरात फरक पडतो.

११. तोंडात

एक चमचाभर घ्या, जिभेवर, हिरड्यांवर, गालांच्या आत फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आणि दहाएक सेकंदांनी गिळा किंवा तांब्यात थुंका. थुंकायला लाजू नका, पारखायला बसलेले सगळे थुंकतात.

पहिल्यांदा गोडी लागणार, लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते. डायबेटिस असलेल्या काका-मामांना हा आकडा आधी सांगा. नवखा माणूस गोडीवरच थांबतो आणि "गोड आहे, मस्त आहे" म्हणतो. गोडी बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी तपासा. गिळल्यावर जिभेच्या कडेला पाणी सुटतंय का, तो आंबटपणा, तो नसेल तर वाईन सरबतासारखी जड पडते. हिरड्या आणि गाल कोरडे, आवळल्यासारखे होतात का, तो तुरटपणा, कोवळ्या विंटेजमध्ये कच्च्या जांभळासारखा आवळतो आणि मुरलेलीत मलमली होतो. आणि घशात ऊब किती, ती दारू. मुरलेल्या चांगल्या बाटलीत ऊब जाणवते पण जाळत नाही.

मग घड्याळ बघा. गिळल्यानंतर चव किती सेकंद टिकते? नुसती गोडी किंवा घशातली ऊब मोजायची नाही, अंजीर, चॉकलेट, मसाला जे काही होतं ते किती वेळ राहतं ते मोजा. दहा सेकंदात संपली तर साधी, वीस-तीस म्हणजे चांगली, मिनिटभर टिकली आणि त्या मिनिटात बदलत गेली तर खरंच मोठी वाईन.

१२. निकाल कसा लिहायचा

चार प्रश्न. तोल आहे का, म्हणजे गोडी-आंबट-तुरट-दारू ह्यातलं कोणी एकटंच पुढे येतंय का? शेवट किती लांब? वास-चव किती ठसठशीत? आणि गुंतागुंत आहे का, म्हणजे ताजं फळ, सुकं फळ, मसाला, लाकूड असे थर मिळतात की एकच सूर? चारही असतील तर असामान्य, तीन असतील तर फार चांगली, दोन तर चांगली, एक तर ठीक.

मग वेगळा प्रश्न, वय. दर्जा आणि वय एकत्र करू नका. "अजून वाढेल", "आत्ता तयार", "उतरणीला लागली" यातलं एक लिहा. फळ आणि तुरटपणा दोन्ही अजून भरपूर असेल तर वाढेल. २०११ ची विंटेज आज उघडलीत तर ती दमदार आहे पण कोवळी आहे असं लिहाल, आणि ते बरोबरच आहे, त्या सालच्या डाऊ ह्या पोर्ट कंपनीच्या विंटेजला एका मोठ्या अमेरिकन वाईन मासिकाने २०१४ ची सर्वोत्तम वाईन ठरवलं होतं तरीही ती तयार झाली असं होत नाही. उलट फळ गेलंय, गोडी आणि दारू दोघंच उरलेत, मधे पोकळ लागतंय, तर उतरणीला लागली.

किंमत आणि नाव माहीत असेल तर मत झुकतं. मी बाटलीला मोज्यासारखं फडकं घालून ओततो आणि सगळ्यांनी लिहून झाल्यावर काढतो. आणि सगळ्यांनी आधी आपापलं लिहायचं, मग बोलायचं, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच सगळे म्हणतात. ह्यावर मी फार कडक आहे, घरातल्या ज्येष्ठांनाही सूट देत नाही.

१३. सोबत काय, आणि उरली तर काय

पारखताना काही खायचं नाही, फक्त पाणी आणि साधी पोळी. पारखून झाल्यावर आक्रोड, बदाम, सुकं अंजीर, गडद चॉकलेट. इंग्रज लोक निळ्या बुरशीचं चीज घेतात, स्टिल्टन, त्याचा खारटपणा गोडीला फार छान धरतो, पुण्या-मुंबईहून कोणी येत असेल तर मागवा. शेवभाजी नको, आणि मांडे-आमरसही नको, वाईनपेक्षा गोड काही तोंडात असलं की वाईन आंबट आणि पातळ लागते.

पोर्टची ताकद बघता मी पंचविशीच्या आतल्या कोणाला ग्लास देत नाही आणि ज्याला गाडी चालवायची आहे तो फक्त थुंकणार, हे आधीच ठरलेलं असतं.

उरलेली वाईन जगात उघडी ठेवू नका. गाळून झाल्यावर मूळ बाटली साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळून, पूर्ण निथळून तयार ठेवा, वाईन तिच्यात परत भरा, बूच लावा आणि फ्रिजमध्ये. चाळिशीच्या पुढची त्याच दिवशी संपवा, वीस-तीसची दोन-तीन दिवस टिकते, कोवळी चार-पाच. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून तासाभराने परत ५० मिली घ्या आणि त्याच पानावर खाली लिहा काय बदललं, काही बाटल्या दुसऱ्या दिवशी जास्त मोकळ्या होतात आणि पहिल्या दिवशी दिलेला निकाल बदलावा लागतो. पानावर साल, कंपनी, बाटली किती दिवस कुठे ठेवली होती आणि किती तास आधी गाळली हेही लिहा, पुढच्या बाटलीच्या वेळी चवीच्या वर्णनापेक्षा हीच माहिती जास्त कामाला येते.